जलशाला विद्यापीठाची खुर्ची कधी?

नाटक शिकवणारा प्राध्यापक हा विषय चळवळीच्या वाचकाला दूरचा वाटेल. अत्याचाराच्या बातम्या, रखडलेल्या शिष्यवृत्त्या आणि रिक्त राहिलेल्या राखीव जागा समोर असताना, नाट्यशास्त्र विभागात कोण शिकवतो याची उठाठेव कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. कोणती कला म्हणजे ज्ञान आणि कोणती कला म्हणजे नुसती करमणूक, हे त्या खुर्चीवर बसलेला माणूस ठरवतो. अभ्यासक्रम तो लिहितो, प्रश्नपत्रिका तो काढतो, पीएच.डी.चा विषय त्याच्या सहीने मंजूर होतो. ज्या समाजाचा माणूस त्या खुर्चीपर्यंत पोहोचत नाही, त्या समाजाची कला पुस्तकात पोहोचत नाही. पोहोचलीच तर दुसऱ्याने लिहिलेल्या तळटीपेत पोहोचते.

रत्नागिरी जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. हा जिल्हा नाटकवेडा म्हणून मिरवतो, आणि ते खोटे नाही. राज्य नाट्य स्पर्धेचे केंद्र येथे आहे. गणपतीत जाखडी, शिमग्यात नमन-खेळे, शक्ती-तुऱ्याचे सामने असा वर्षभराचा रंगव्यवहार गावोगाव चालतो. शहरातले नाट्यगृह स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या नावाने उभे आहे. 1924 ते 1937 या काळात सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि अस्पृश्यतेचा विषय घेऊन त्यांनी 1927 साली ‘संगीत उःशाप’ हे नाटक लिहिले, ही नोंद नाट्यइतिहासात सापडते. त्याच काळात, एप्रिल 1929 मध्ये, बाबासाहेब चिपळूणला आले, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष झाले आणि खोतांच्या जुलमावर बोलले. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. 10 जानेवारी 1938 रोजी कोकणातला कुणबी आणि महार शेतकरी खांद्याला खांदा लावून मुंबईत विधिमंडळावर चालून गेला. हा इतिहास राज्यशास्त्राच्या पुस्तकात थोडाफार आहे. पण त्या लढ्याच्या दिवसांत वाड्यावस्त्यांवर काय गायले गेले, कोणी कोणती सोंगे रचली, खोताची नक्कल कोणी केली, हे नाट्यशास्त्राने कधी विचारले काय? सावरकरांच्या नावाच्या नाट्यगृहाशी आमचे भांडण नाही. भांडण नोंदवहीशी आहे. एकाचे नाटक साहित्य म्हणून नोंदले जाते आणि दुसऱ्याचे नाटक ‘कार्यक्रम’ म्हणून विसरले जाते.

हा भेद आजचा नाही. महात्मा फुले यांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. भटजीच्या फसवणुकीत नागवला जाणारा शेतकरी, त्याची गरोदर बायको, आणि दोघांनाही शेवटी शिक्षणाचे महत्त्व पटणे, असा त्याचा विषय. ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे गेले आणि कमिटीने ते नाकारले. ही कमिटी म्हणजे त्या काळची विद्वत्सभाच होती. कोणता ग्रंथ बक्षिसास पात्र, कोणता नाही, हे ती ठरवत असे. त्यानंतर ते नाटक छापील रूपात लोकांसमोर यायला 1979 साल उजाडले. म्हणजे सव्वाशे वर्षे! दरम्यान मराठी नाटकाचा इतिहास 1843 च्या सांगलीतल्या विष्णुदास भाव्यांच्या ‘सीता स्वयंवरा’पासून मोजून झाला, त्याचे शतक साजरे झाले, ग्रंथ लिहून झाले. एका कमिटीच्या नकाराने एका समाजाचे नाटक इतिहासाबाहेर किती काळ राहू शकते, याचा हा पुरावा आहे. आज कमिटीच्या जागी अभ्यास मंडळ आहे आणि निवड समिती आहे, एवढाच फरक.

आता जलशाकडे वळू. सत्यशोधक जलशाने तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला आशय बदलला. गणात गणपतीऐवजी ज्ञानाला वंदन आले, गवळणीतली थट्टा जाऊन भटशाहीची चिकित्सा आली. त्याच वाटेवर 1930 नंतर आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिककडच्या भीमराव कर्डकांचा जलसा त्यांत अग्रेसर. हे जलसाकार गिरणीत, रेल्वेत, गोदीत राबणारे कामगार होते. पाळी संपली की तालीम, आणि सुट्टी मिळाली की प्रयोग. सभेला न येणारी माणसे जलशाला येत आणि जाताना मेलेल्या जनावराचे मांस न खाण्याचा, मुलगी शाळेत घालण्याचा निश्चय घेऊन जात. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण चळवळीत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते.

याच बाबासाहेबांनी पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली देणगी नाकारली, हीही आठवण तितकीच प्रसिद्ध आहे. वरवर पाहता दोन्हींत विसंगती दिसते. पण नीट पाहिले तर यातच नाट्यविचार आहे. ज्या कलेत आमच्या स्त्रीचे शरीर गावापुढे मांडले जाते आणि तिच्या अपमानावर फड चालतो, त्या कलेचा पैसा नको. ज्या कलेत तोच ढोलकीचा ताल माणसाला माणूसपण शिकवतो, ती कला हवी. बाबासाहेबांनी कलेला नकार दिला नाही. कलेतल्या जातिव्यवस्थेला नकार दिला. मराठी नाट्यशास्त्राने हा भेद गांभीर्याने शिकवला असता, तर लोककला या एकाच पोत्यात तमाशा, जलसा, गोंधळ आणि नमन भरून ठेवण्याची वेळ आली नसती.

कोकणात तर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर येथल्या महार समाजाने गावगाड्याने नेमून दिलेली कामे सोडली. सणावारातले वाजप सोडले, देवळाभोवतीच्या मानपानाच्या नावाखाली चालणारा अपमान सोडला. त्याची किंमत बहिष्काराच्या रूपाने अनेक वाड्यांनी मोजली. जे सोडले त्याच्या जागी त्यांनी नवे उभे केले. स्थानिक शाखा आणि मुंबई शाखा अशी दुहेरी संघटना उभारली, विहार बांधले, आणि जयंतीच्या मंडपात बुद्ध-भीमगीते, पोवाडे, एकांकिका, तीन अंकी नाटके सुरू केली. नाटक मुंबईत चाळीच्या खोलीत बसायचे आणि रातराणीने गावी यायचे. लेखक गोदीतला कामगार, नट पोस्टातला शिपाई, पडदे उसने. ही सत्तर वर्षांची रंगभूमी आहे.

आता विद्यापीठीय संशोधकाची नजर पाहा. तो कोकणात लोककलेच्या शोधात येतो, नमनातला संकासुर पाहतो, जाखडीचे घुंगरू टिपतो, शक्ती आणि तुरा यांची तत्त्वचर्चा लिहितो. हे सारे जरूर लिहावे. ती कला प्रामुख्याने कुणबी आणि इतर बहुजनांची आहे, आणि तिचा मान राखलाच पाहिजे. पण गावाच्या कडेला असलेल्या बौद्धवाडीत तो वळत नाही. कारण ‘लोककला’ म्हणजे जुने, धार्मिक, न बदललेले असे त्याने धरून ठेवलेले असते. आम्ही जे सोडून दिले तेवढीच आमची परंपरा, आणि आम्ही जे घडवले ती मात्र प्रचाराची घोषणाबाजी! हा न्याय कोणता? ज्या दिवशी माणसाने गुलामीची कला टाकून स्वातंत्र्याची कला हाती घेतली, त्या दिवसाइतका नाट्यपूर्ण दिवस नाट्यशास्त्राला दुसरा कोणता हवा आहे?

हे अशक्य नाही, हे मराठवाड्याने दाखवून दिले आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी बाबासाहेबांच्या प्रेरणेने ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. 1956 च्या धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरातही त्याचा प्रयोग झाला. म्हणजे आंबेडकरी नाटकाचा जन्मच महाविद्यालयाच्या आवारात झाला आहे. पुढे सत्तरच्या दशकात मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आला आणि त्या विभागात रुस्तुम अचलखांब यांच्यासारखा शिक्षक घडला. ‘गावकी’ हे आत्मकथन लिहिणारे, तमाशा या लोकरंगभूमीवर संशोधन करणारे, ‘कैफियत’सारखे नाटक देणारे अचलखांब सर 2017 साली गेले. शिकवणे, संशोधन करणे आणि रंगमंचावर उभे राहणे ही तिन्ही कामे एकाच माणसात कशी नांदू शकतात, हे त्यांच्या आयुष्यात दिसते. तमाशाचा फड ज्याच्या वस्तीने पाहिला आणि सोसला, तो तमाशावर प्रबंध लिहितो तेव्हा तो नुसता ताल मोजत नाही. त्या तालामागे कोण उपाशी होते, हेही लिहितो.

त्याच मातीतल्या प्रा. दत्ता भगत यांच्या ‘वाटा-पळवाटा’ या नाटकाचा नायक सतीश गोडघाटे हा दलित प्राध्यापकच आहे. जुन्या पिढीचा आंबेडकरनिष्ठ काका, रस्त्यावरचा तरुण अर्जुन आणि या दोघांमध्ये अडकलेला सतीश, असा तो पेच. शिकून खुर्चीवर बसलेला माणूस चळवळीचा राहतो की व्यवस्थेचा होतो, हा प्रश्न त्या नाटकाने विचारला आणि तो अजून सुटलेला नाही. पण सतीशला निदान खुर्ची तरी मिळाली होती. आजच्या सतीशला ती मिळते काय?

येथे थोडे आकड्यांत शिरावे लागेल. नाट्यशास्त्र विभाग लहान असतात. तीन-चार शिक्षक म्हणजे भरलेला विभाग. 2017 साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरक्षणासाठी विद्यापीठ हे एकक न मानता विभाग हे एकक मानण्याचा निर्णय दिला आणि 5 मार्च 2018 रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे परिपत्रक काढले. तेरा बिंदूंच्या त्या नामावलीत ओबीसींची पहिली जागा चौथी आणि अनुसूचित जातींची पहिली जागा सातवी. ज्या विभागात पदेच तीन, तेथे सातवे पद कधी येणार? गणिताने आम्हाला बाहेर काढले होते, तेही कोणाला शिवी न देता. देशभर आंदोलन झाले तेव्हा मार्च 2019 मध्ये अध्यादेश आला आणि पुढे केंद्रीय संस्थांसाठी कायदा झाला. महाराष्ट्रानेही 2021 साली शिक्षक संवर्गातील आरक्षणाचा कायदा केला. कागदावर विद्यापीठ पुन्हा एकक झाले. पण कागदावरची जागा भरली तर ना! वर्षानुवर्षे भरती रखडते आणि शिकवण्याचे काम तासिका तत्त्वावर चालते. तासाला मोजून पैसे, सुट्टीत पैसे नाहीत, पुढच्या जूनची खात्री नाही. अशा शिक्षकाने तालीम रात्री दहापर्यंत घ्यायची आणि संशोधनासाठी गावोगाव फिरायचे कोणाच्या जिवावर? घरी शेती-वाडी असलेला किंवा मालिकांत काम मिळणारा एकवेळ तग धरतो. पहिल्या पिढीतला बौद्ध तरुण शाळेच्या किंवा बँकेच्या नोकरीकडे वळतो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या वाडीची रंगभूमीही इतिहासाबाहेर जाते. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना 2023 साली आझाद मैदानावर बसावे लागले, हे याच साखळीतले पुढचे दुवे.

पदवी नसलेल्या कलावंताचे काय? आयोगाच्या 2018 च्या नियमांत नाटक विषयासाठी व्यावसायिक कलावंताला साहाय्यक प्राध्यापक होण्याची वाट ठेवली आहे. पण ती वाट राष्ट्रीय नाट्य विद्यालय किंवा तशाच संस्थेच्या पदवी-पदविकेतून जाते. ज्या शाहिराने तीस वर्षे मंडप गाजवले, त्याच्याकडे ती पदविका कुठून येणार? 2022 साली आयोगाने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही नवी सोय केली. तीत पदवीची अट नाही, पंधरा वर्षांचा अनुभव पुरे, आणि कला हे क्षेत्रही तीत येते. मात्र ही नेमणूक कायम नाही. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत, तीन वर्षे आणि फार तर आणखी एक. सोय अपुरी आहे, पण दार किलकिले आहे. मोठ्या कंपन्यांचे निवृत्त अधिकारी या दाराने विद्यापीठात येऊ शकतात, तर जलसाकार का नाही?

खुर्ची मिळाली म्हणजे सारे सुखरूप, असेही नाही. 2 फेब्रुवारी 2024 रोजी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचे एक परीक्षा-नाटक सुरू होते. रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमती हा त्याचा विषय. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी ते बंद पाडले. धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार झाली आणि विभागप्रमुख प्रा. प्रवीण भोळे यांच्यासह पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना जामीन मिळाला. नाटक चांगले होते की वाईट, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. परीक्षेच्या नाटकाला गुण द्यायचे की नाही हे शिक्षकाने ठरवायचे असते, पोलीस ठाण्याने नव्हे. प्रस्थापित विद्यापीठातल्या विभागप्रमुखाची ही गत, तर उद्या ‘तृतीय रत्न’ बसवणाऱ्या तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाची काय होईल? त्याला अटक करण्याचीही गरज पडणार नाही. पुढच्या जूनमध्ये त्याला बोलावले नाही की झाले.

दुसरीकडे जग काय म्हणते पाहा. तमाशातल्या दलित स्त्रियांच्या जगण्यावर संशोधन करणाऱ्या डॉ. शैलजा पाईक यांना 2024 साली अमेरिकेतील मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. पुण्याच्या येरवड्यातल्या वस्तीत वाढलेली ही मुलगी आज सिनसिनाटी विद्यापीठात प्राध्यापक आहे. आम्हाला अभिमान आहे. पण त्या इतिहासाच्या प्राध्यापक आहेत आणि परदेशात आहेत. आमच्या रंगभूमीवरचे जगन्मान्य संशोधन आमच्याच विद्यापीठांच्या नाट्यविभागांबाहेर घडते, ही गोष्ट त्या विभागांनी मनाला लावून घ्यावी.

रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ 2003 साली आले. सुषमा देशपांडे यांनी 2014 साली ते रंगमंचावर आणले. बांबूच्या सुपल्या-टोपल्या विणणाऱ्या कोकणी बौद्ध स्त्रीचे जगणे नाट्यगृहात पोहोचले. रत्नागिरीच्या मातीत नाटक आहे, हे आणखी कोणी सिद्ध करायचे राहिले आहे काय?

आता थोडे आपल्या समाजाविषयी. मुलगा डॉक्टर व्हावा, अभियंता व्हावा, मुलगी स्पर्धा परीक्षेत यावी, ही आपल्या घराघरांतली इच्छा योग्यच आहे. पण एखाद्या मुलीने नाट्यशास्त्रात एम.ए. करते म्हटले की घरात सुतक येते. ‘नाचकामासाठी शिकवली काय?’ हा प्रश्न ऐकू येतो. या प्रश्नामागे शतकांचा अपमान आहे, तो आम्ही जाणतो. तमाशात नाचवली गेलेली आपली आजी त्या प्रश्नात बोलत असते. पण नाचवले जाणे वेगळे आणि नाट्यशास्त्र शिकवणे वेगळे. भरताच्या नाट्यशास्त्रातच नटांच्या वंशाला ऋषींनी शूद्रत्वाचा शाप दिल्याची कथा आहे. त्या ग्रंथावर व्याख्यान देण्यासाठी शापितांचाच वंशज उभा राहणे, याहून मोठे उत्तर कोणते? नव्या शैक्षणिक धोरणात भारतीय ज्ञान प्रणालीचा गजर आहे. त्या प्रणालीत शापाची ही कथा शिकवली जाणार की गाळली जाणार, हे वर्गात कोण उभा आहे यावर ठरेल.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आणि थिएटर आर्ट्‌स अकादमी मुंबईत आहेत. त्यांचे काम रत्नागिरीच्या उपपरिसरात यावे आणि त्यात जलसा हा स्वतंत्र पेपर असावा, लोककलेच्या प्रकरणातला एक परिच्छेद नव्हे. विद्यापीठाचे मॉडेल कॉलेज बाबासाहेबांच्या मूळ गावी, मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे येथेच आहे. आंबेडकरी जलसा आणि जयंती-नाटकांचे संग्रहालय उभे करायला याहून योग्य जागा नाही. ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’च्या सोयीतून कोकणातल्या एका ज्येष्ठ जलसाकाराची नेमणूक व्हावी. आणि नाट्यविभागांतल्या रिक्त राखीव जागा तासिकांनी झाकून न ठेवता पूर्णवेळ भराव्यात.

सरकार आणि विद्यापीठ करील तेव्हा करील. आपल्या हातात जे आहे त्याला कोणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक गावशाखेने आपल्या वाडीत आजवर झालेल्या नाटकांची नावे, लेखक, नट आणि साल एका वहीत लिहून काढावे. जुन्या संहिता कपाटांतून, ट्रंकांतून बाहेर काढाव्यात, त्यांच्या प्रती कराव्यात. हयात असलेल्या जलसाकारांचा आवाज मोबाईलमध्ये ध्वनिमुद्रित करून ठेवावा. हे लिखाण म्हणजे उद्याच्या संशोधकाचा कच्चा माल आहे. फुल्यांचे नाटक कमिटीने नाकारले तरी त्याची प्रत कोणीतरी जपली होती, म्हणूनच ते 1979 साली छापता आले. आपल्या वाडीचे नाटक आज कोणी छापणार नसेल, तरी त्याची वही जपून ठेवा. येत्या जयंतीच्या बैठकीत वर्गणीच्या हिशेबाआधी हा विषय घ्या.

जय भीम!